वाचलेली अकरा माणसं

मुकादमाने त्यांना बांधावरच अडवलं.

ऊन अजून पिकावर आलं नव्हतं. वरच्या वस्तीतल्या चौदा बायका आणि पाच-सहा पुरुष उतार उतरून आले होते. पायांना दव लागलेलं, कमरेला खुरपी खोचलेली. सुईण सगळ्यांच्या पुढे होती. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, म्हणून तिला सुईण म्हणत. पण पोरं काही रोज जन्मत नाहीत. एरवी तीही सगळ्यांसारखी खालच्या गावाच्या रानात खुरपायलाच यायची.

"आज नको," मुकादम म्हणाला. "उद्याही नको. मी सांगेपर्यंत येऊच नका."

"गवत गुडघ्याला लागलंय आणि नको?" सुईण म्हणाली. "पीक दिसेना झालंय त्यात."

"हगवण-उलटीने गाव झोपलंय. चाळीसच्या वर माणसं पडली, चार गेली. लोक म्हणतात, हे वरून आलंय."

"वरून म्हणजे आभाळातून?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुकादमाला ते आवडलं नाही. "तुमच्याकडून आलंय म्हणतात. झऱ्याचं पाणी पिता, जनावरांशेजारी झोपता. मला काय विचारतेस? मी हुकुमाचा ताबेदार."

सुईणीने वाद वाढवला नाही. काल तिचं एक खुरपं आणि पाण्याची बाटली त्याच्या खोपीत राहिली होती, ती मागितली. मुकादम आत गेला. दोन्ही वस्तू त्याने हातात आणल्या नाहीत, काठीने ढकलत दारापर्यंत आणल्या आणि तिथून एक ठोसा देऊन बाहेर घरंगळवल्या. बाटली तिच्या पायाशी येऊन थांबली. तिने वाकून उचलली. वाकताना गुडघे दुखले, पण त्याहून जास्त दुखलं ते तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका गप्प झाल्या तेव्हा.

सगळे परतीचा चढ चढू लागले. सगळ्यांच्या मनात एकच होतं आणि ते तोंडावर आणायची कोणाची छाती नव्हती. वस्तीतही माणसं पडली होती. एक-दोन नाही, अकरा.

त्यातला पहिला सुईणीचा नवरा.

तो खालच्या रानात फवारणीचं काम करायचा. दिवसभर पाठीवर पंप. पंप भरायला आणि प्यायलाही पाणी गावाला पुरवठा करणाऱ्या टाकीचंच. बारा दिवसांपूर्वी तो दुपारीच घरी आला, अंगणात बसला आणि म्हणाला, "अगं, पायांत जीवच नाही." रात्रीपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, ओठ पांढरे पडले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मग तीन दिवस घराने दुसरं काही केलं नाही. वस्तीची जुनी रीत होती, आजारी माणूस एकटा ठेवायचा नाही. दोघांनी बसायचं, दोघांनी त्यांना सोडवायचं. भाताचं निवळ पाणी, त्यात मीठ, एकेक घोट, उलटी झाली तरी थांबायचं नाही. घाण लांब खड्ड्यात पुरायची. बसणाऱ्याने राखेने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय चुलीकडे फिरकायचं नाही. झऱ्यात कोणी भांडं बुडवायचं नाही. ज्याची पाळी असेल त्यानेच लांब दांड्याच्या डोयीने सगळ्यांचे हंडे भरून द्यायचे.

नवरा वाचला. मागोमाग पडलेले दहाही वाचले. पण खालून चार माणसं गेल्याची बातमी आली तेव्हा सुईणीने घरोघर जाऊन सांगितलं होतं, "आपल्याकडे कोणी आजारी नव्हतं. कोणी विचारलं तर कोणी नव्हतं. कळलं?"

सगळ्यांना कळलं होतं.

*

काम बंद झालं तशी माणसं घरात मावेनात. सुईणीने अंगण दोनदा सारवलं, छपराची काटकी बदलली, खुरप्यांना धार लावली. धार लावून ठेवलेलं खुरपं बघून तिला आणखीच चीड येई. नवऱ्याचं अंग सुकून गेलं होतं. लुगड्याच्या घडीसारखा तो बाजेवर पडून असे आणि चालायला उठला की भिंत धरी.

पाचव्या दिवशी दवाखान्यातली सिस्टर चढ चढून आली. तिच्याबरोबर एक बाई होत्या. चाळिशीच्या, पायांत मळलेले बूट, खांद्याला झोळी आणि हातात जाड वही. वस्तीने संध्याकाळच्या आत त्यांचं नाव वहीवाली बाई ठेवून टाकलं.

त्या दोघींना चढ चढताना पाहिलं तशी सुईण आत धावली. "उठा. गोठ्यात जा."

"का?" नवरा म्हणाला.

"तुमचं तोंड बघूनच कळतं. उठा म्हणते ना."

तो गोठ्यात जाऊन शेळीशेजारी पेंढ्यावर बसला.

वहीवाल्या बाई अंगणात टेकल्या. सिस्टरने ओळख करून दिली, मोठ्या शहरातल्या कॉलेजात शिकवतात, आरोग्याचा अभ्यास करतात. सुईणीची सून दारात उभी होती. ती बारावी शिकलेली, वस्तीची बोली आणि खालची भाषा दोन्ही तिच्या जिभेवर. बाईंचं बोलणं ती म्हाताऱ्यांना उलगडून सांगत होती.

"खाली एवढी माणसं आजारी पडली," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या नोंदीत वरच्या वस्तीचं एकही नाव नाही. मला विचारायचंय, तुम्ही असं काय करता की तुम्ही बरे राहिलात?"

सुईणीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्या उभ्या आयुष्यात बाहेरच्या माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. तुमची पोरं का मरतात, तुम्ही दारू का पिता, अंघोळ कधी करता, हे विचारलेलं तिला पाठ होतं. हा प्रश्न तिला सापळ्यासारखा वाटला.

"आमचं कोणी आजारी नव्हतं," ती म्हणाली. "झालं?"

बाईंनी वहीत एक शून्य काढलं. गोठ्यात शेळी ओरडली आणि मागोमाग एक खोकला ऐकू आला. सून घाईघाईने म्हणाली, "शेळीच आहे. म्हातारी झालीय."

सिस्टरने सुनेकडे पाहिलं, मग गोठ्याकडे.

बाईंनी झोळीतून छापील कागद काढले. घरोघर विचारायचे प्रश्न होते ते. सुनेने एक कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"आमच्या कचेरीने. का?"

"पहिला प्रश्न, घरात शौचालय नाही का. दुसरा, साबण नाही का. तिसरा, शिक्षण नाही का. सगळं नाही नाही नाही. आम्ही काय आहोत ते कुठे विचारलंय? तुम्ही तर म्हणालात, बरे कसे राहिलात ते विचारायला आलेय."

सुईणीला वाटलं, आता या उठून जाणार. बाईंनी कागद परत घेतला, पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मग काय विचारावं?"

"ते मला काय विचारता, यांना विचारा." सुनेने सासूकडे बोट केलं.

सुईण उठली. "विचारायचं नंतर. आधी माझं ऐका. मी नवी सून होते तेव्हा असेच आले होते दोघं. आमची डोकी मोजली, दंड मोजले, बोटातून रक्त काढलं, फोटो काढले. सासूने त्यांना दूध पाजलं. आठ-दहा वर्षांनी शाळेच्या मास्तरांनी पुस्तक दाखवलं. सासूचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'अज्ञान आणि अस्वच्छता'. पोर हातात घेण्याआधी तीन वेळा हात धुणारी बाई ती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तर तिला म्हणाले, छान लिहिलंय; खरं काय ते मला मागाहून सांगितलं. मेली तेव्हाही तिला खरं माहीत नव्हतं."

सून बोलीतलं सगळं खालच्या भाषेत सांगत होती.

"ते पुस्तक मी शिकताना वाचलंय," बाई हळूच म्हणाल्या. "परीक्षेला होतं. तो फोटोही आठवतो."

बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या, शाळेत चूक सापडलेल्या मुलीसारख्या. सुईणीला त्यांचा राग यायला हवा होता. पण ही बाई खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं, असा विचार तिच्या मनात आला आणि राग अर्ध्यावरच थांबला.

"माझ्या अटी आहेत," ती म्हणाली. "प्रश्न आमची सून ठरवेल. विचारायलाही तीच जाईल, तुम्ही बरोबर चला. लिहाल ते आधी इथे, या अंगणात, आमच्या बोलीत वाचायचं. आम्ही खोडा म्हटलं की खोडायचं. आणि वहीची एक नक्कल इथे राहील."

"कबूल," बाई म्हणाल्या. "कागदावर लिहून देते."

"लिहून तर द्याच."

*

पुढचे आठ दिवस सून आणि वहीवाल्या बाई घरोघर फिरल्या. चढ-उतारांनी बाईंच्या टाचांना फोड आले. सुईणीने त्यांना चुलीजवळ बसवून फोडांवर तेल लावलं आणि बजावलं, "उद्या बूट नको. माझ्या चपला घाला." दुसऱ्या दिवशी बाई एका पायात मोठी, एका पायात त्याहून मोठी चप्पल फटफटवत निघाल्या तेव्हा अख्खी वस्ती दारात उभी राहून हसली.

सुनेचे प्रश्न साधे होते. घरात रडणारं पोर कोणाच्या मांडीवर गप्प होतं? कामावरून आल्यावर आधी काय करता? झऱ्याची पाळी चुकली तर काय होतं? कोणी दमलं तर त्याची पाळी कोण उचलतं? माणसं आधी बिचकली, मग बोलू लागली, मग थांबेनात. एका म्हातारीने झऱ्यावर भांडं बुडवणाऱ्या दिराला तिने कसं झोडपलं होतं, ते तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी दीर थोडा जास्त मार खायचा.

पण एका प्रश्नापाशी सगळी घरं गप्प होत. "आजारी माणसाजवळ कोण बसतं?" असं सून विचारी आणि लोक सुनेकडे न पाहता सुईणीच्या घराकडे पाहत.

सून रोज रात्रीचं जेवण वाढताना सासूकडे बघायची. एके रात्री ती बोललीच. "आई, बाईंची वही खोटी होतेय."

"होऊ दे."

"मी विचारतेय ना सगळ्यांना. माझ्या तोंडाने विचारतेय."

"तुला काम हवंय की नको? अकरा जणांचं बाहेर कळलं की खालचे म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो. मग याच वर्षी काय, पुढच्या वर्षीही बांधावर उभं करणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि सिस्टर अंगणात आल्या, तशी सुईण नेहमीप्रमाणे नवऱ्याला म्हणाली, "उठा, गोठ्यात."

नवरा उठला नाही. बाजेच्या कडेला सरकून बसला, पाय जमिनीवर टेकवले.

"नाही जात."

"अहो, हळू बोला."

"का हळू? आठ दिवस शेळीच्या लेंड्या अंगाखाली घेऊन बसतोय. मी आजारी होतो, चोर नव्हतो. तुम्ही मला वाचवलंत. ते सांगायला लाज वाटतेय होय तुला?" त्याला एवढं बोलून धाप लागली. हाताने त्याने बाज घट्ट धरली होती. मनगटाची हाडं वर आलेली.

सुईण दारात उभी राहिली. मागे नवरा, पुढे अंगणात दोन बायका. बाईंनी सगळं ऐकलं होतं, भाषा कळली नसली तरी. सिस्टरला अर्धी बोली कळायची. बाईंना पहिल्या दिवशीच संशय आला असणार, मग आठ दिवस या गप्प का राहिल्या? सुईणीच्या लक्षात आलं, त्या वाट बघत होत्या. मागत नव्हत्या, वाट बघत होत्या.

"ते शून्य खोडा," ती बाईंना म्हणाली आणि सुनेकडे वळली. "सांग त्यांना. अकरा."

बोलून झाल्यावर ती उंबऱ्यावरच बसली. सुनेने सांगायला सुरुवात केली आणि मग थांबलीच नाही. तिने आत जाऊन शाळेची एक जुनी वही आणली. सासूच्या नकळत तिने सगळं टिपलं होतं. कोण कोणत्या दिवशी पडलं, त्याआधी कोणत्या रानात कामाला होतं, कोणी कोणाजवळ बसलं.

बाईंनी ती वही घेतली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. मग सिस्टरला म्हणाल्या, "खालच्या गावात पहिला माणूस कधी पडला?"

सिस्टरने तारीख सांगितली. सुईणीच्या नवऱ्याच्या आधी तीन दिवस.

"आणि हे अकराही जण टाकीजवळच्या रानात कामाला होते," बाई म्हणाल्या. "अकराच्या अकरा. दूरच्या रानात गेलेलं एकही नाव नाही यात. घरी बसलेलं नाही. त्यांच्याजवळ बसलेलं, त्यांची घाण काढलेलं एकही नाही." त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे चमकत होते. "वस्तीतून खाली काही गेलं नाही. टाकीतून वर आलं. आणि इथे येऊन थांबलं. तुम्ही थांबवलंत."

सुनेने बोलीत सांगितलं. सुईणीने तिला पुन्हा सांगायला लावलं.

"टाकीतून?"

"टाकीतून, आई."

"मग मी पंधरा दिवस काय लपवत होते?" ती म्हणाली. आतून नवरा म्हणाला, "मला." आणि मग ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पाणी कशाचं, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

*

बाईंनी पाच पानं लिहिली. एका दुपारी अख्खी वस्ती सुईणीच्या अंगणात जमली. पुरुष भिंतीला टेकून, बायका मध्ये, पोरं जागा मिळेल तिथे. सुनेने बोलीत वाचलं. स्वतःच्या झऱ्याची, स्वतःच्या राखेची, स्वतःच्या पाळीची गोष्ट कागदावरून ऐकताना माणसं पुढे पुढे सरकत होती. दिराला झोडपणारी म्हातारी मध्येच म्हणाली, "माझं कुठाय?" तिला सांगितलं, तिसऱ्या पानावर आहे, नाव नाही, पण आहे.

मग सून वाचू लागली, "वस्तीतल्या स्त्रिया रात्रंदिवस जागून आजाऱ्यांची सेवा करतात..."

"थांब," भिंतीजवळून सुईणीचा धाकटा दीर म्हणाला. "फक्त स्त्रिया? मी दादाजवळ दोन रात्री बसलो. मी काय खांब होतो?"

हशा पिकला. आणखी दोन-तीन पुरुषांनी माना हलवल्या. बाईंनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'बायका आणि पुरुष'. दिराने जवळ जाऊन अक्षरं पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं दिसत होतं. तेवढ्यावर तो समाधानाने जागेवर जाऊन बसला.

सुईणीने एक ओळ वाढवायला लावली. अकरा जणांची नावं नकोत, पण अकरा हा आकडा मोठ्या अक्षरात हवा, आणि त्यापुढे 'सगळे जगले'. बाईंनी तसंच लिहिलं. कागदाखाली वहीवाल्या बाईंच्या नावाआधी सुनेचं आणि सुईणीचं नाव घातलं गेलं. सुईण म्हणाली, "माझं कशाला? मी कुठे कॉलेजात शिकवते?" बाई म्हणाल्या, "मला शिकवलंत ना." सुईण पाणी आणायला आत गेली.

दोन दिवसांनी तो कागद आणि सुनेची वही घेऊन सिस्टर आणि बाई आरोग्य खात्याच्या कचेरीत गेल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी टाकी उपसली गेली. खाली उतरलेल्या माणसाला गटाराशेजारून येणारा नळ भेगाळलेला सापडला. वर ही बातमी सिस्टरच घेऊन आली. धापा टाकत होती, पण बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

वस्तीत कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "चला, कोंबड्या कोंडायच्यात," आणि सगळे हलके होऊन आपापल्या कामाला लागले. सुईणीला मात्र एकाएकी इतका थकवा आला की तिला हात उचलवेना. नवऱ्याचे तीन दिवस, दहा घरांच्या फेऱ्या, ते लपवणं, सगळं एकदम अंगावर आलं.

"उद्या मला उठवू नका," ती नवऱ्याला म्हणाली.

"चूल?"

"तुमच्या हातांना काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी सूर्य छपरावर आला तरी ती झोपलेली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. नवऱ्याने चूल पेटवली, धूर केला, सुनेच्या शिव्या खाल्ल्या, पण आवाज न करता. शेळीसुद्धा सुनेने लांब नेऊन बांधली.

कोवळं ऊन कडक झालं तेव्हा मुकादम चढ चढून आला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. सून अंगणात धान्य पाखडत होती.

"सुईण कुठाय?"

"झोपल्यात."

"या वेळेला? उठव. गवतात पीक बुडालंय, मालकांनी सगळ्यांना बोलावलंय. आजच्या आज."

"त्या उठल्या की सांगते."

"अगं, मी स्वतः आलोय."

"दिसताय ना," सून म्हणाली आणि सूप आपटलं. "पण त्या झोपल्यात."

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. उतारावरच्या प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं होतं. सुईणीशिवाय यातलं एकही माणूस खाली उतरणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्याने डोक्याचा रुमाल काढला, तोंड पुसलं आणि अंगणाच्या कडेच्या दगडावर बसला.

"बसतो मग," तो म्हणाला. थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "नवरा बरा आहे ना आता त्यांचा?"

"बरा आहे," चुलीजवळून नवऱ्यानेच उत्तर दिलं. "या वेळी तुमचं पाणी पिणार नाही म्हणतो. घरून घेऊन येणार."

आत सुईण केव्हाची जागी होती. तिने सगळं ऐकलं. 'त्यांचा' हा शब्दही ऐकला. उठावं, असं एकदा तिच्या मनात आलं. गवत खरंच गुडघ्यावर गेलं असणार, आणि खुरपी तर धार लावून तयारच होती. पण अंगाखालची गोधडी ऊबदार होती, आणि बाहेर ज्याला थांबायचं तो थांबला होता.

तिने कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.